खिमा शिजला, हे कशावरून ओळखायचे?

आषाढ सरत आला की कळवण परिसरात मटणाच्या दुकानांपुढची गर्दी वाढू लागते. श्रावणात अनेक घरांत मांसाहार बंद असतो, त्यामुळे त्याआधीचे दोन-तीन रविवार आखाडाचे. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी हा या दिवसांचा ठरलेला बेत. अलीकडे मुलांच्या आग्रहाने त्यात खिमा पावाचीही भर पडते. मुंबईच्या इराणी हॉटेलांमुळे नावारूपाला आलेला हा पदार्थ आता तालुक्याच्या गावातही घरोघरी होतो. बेकरीतून लादी पाव आणायचा, दुकानातून अर्धा किलो खिमा घ्यायचा, कांदा तर घरच्याच चाळीतला. वेळ कमी लागतो, लहान मुले काटकूट न करता खातात आणि दात गेलेल्या आजी-आजोबांनाही तो चावता येतो.

पाव-ब्रेडमध्ये भरलेले रसदार खिम्याचे खाणे जगभर आहे. अमेरिकेत टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये शिजवलेला खिमा गोल पावात भरतात; त्याला ‘स्लॉपी जो’ म्हणतात. खाताना रस हातावर ओघळतो, म्हणून असे गबाळे नाव. आपल्याकडचा खिमा पाव मसाल्याने वेगळा असला, तरी दोन्ही पदार्थांची पाककृती आणि दोन्हींमधला धोका सारखाच आहे. हा धोका मटणाच्या रश्श्यात तेवढा नसतो. मांस तेच, बकरा तोच. पण ते बारीक झाले की जंतूंच्या दृष्टीने ते वेगळेच अन्न ठरते.

तुकडा आणि खिमा यांत फरक काय?

निरोगी जनावराच्या स्नायूचा आतला भाग सहसा जंतुविरहित असतो. जंतू येतात ते बाहेरून. कातडी सोलताना, आतडी काढताना, सुरीवरून, ओंडक्यावरून, हातांवरून आणि माशांच्या पायांवरून ते मांसाच्या पृष्ठभागावर बसतात. मटणाचा तुकडा उकळत्या रश्श्यात पडला की सर्वांत आधी त्याची बाहेरची बाजू तापते. म्हणजे जिथे जंतू आहेत, तिथेच उष्णता पहिल्यांदा पोहोचते.

खिमा करताना हा बाहेरचा पृष्ठभाग आत जातो. पाते फिरते तसे वरचे जंतू संपूर्ण गोळ्यात मिसळतात. शिवाय एका तुकड्याचे हजारो कण झाल्याने पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि कापल्या गेलेल्या पेशींतून पाझरणारा रस जंतूंना आयता खुराक ठरतो. त्यात मशीनही आले. सकाळपासून फिरणाऱ्या मशीनच्या जाळीत आधीच्या मांसाचे कण अडकलेले असतील, तर ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या खिम्यात उतरतात.

अनुकूल तापमानात अनेक जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार या हिशेबाने तीन तासांत एकाचे ५१२ होतात. कळवणला आठवडी बाजाराला आलेला माणूस आधी मटण घेतो, मग भाजीपाला, किराणा, खताच्या दुकानातले काम उरकतो आणि मोटारसायकलच्या डिकीतली पिशवी घेऊन दळवट किंवा कनाशीकडे निघतो. घरी पोहोचून खिमा चुलीवर चढेपर्यंत हे तीन तास सहज होतात. त्यामुळे मटण ही बाजारातली शेवटची खरेदी असावी, हा पहिला धडा. दुसरा धडा असा, की घर लांब असेल तर दुकानातून खिमा न आणता तुकडे आणावेत आणि खिमा घरीच, शिजवण्याच्या अगदी आधी करावा.

रंगावर विश्वास नको

खिमा शिजला की नाही, हे बहुतेक घरांत रंगावरून ठरते. लाल गेला, तपकिरी आला, म्हणजे झाले. मांसाला लाल रंग देणारे प्रथिन म्हणजे मायोग्लोबिन. उष्णतेने त्याची रचना बदलते आणि मांस तपकिरी दिसू लागते, हे खरे. पण हवेशी बराच वेळ संपर्क आलेल्या मांसातले मायोग्लोबिन आधीच बदललेले असते. असे मांस पुरेसे तापण्याआधीच शिजल्यासारखे दिसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने ग्राहकांना दिलेल्या सूचनेनुसार, दर चार हॅम्बर्गरपैकी एक सुरक्षित तापमान गाठण्याआधीच तपकिरी होतो.

या इशाऱ्यामागे एक दुःखद प्रसंग आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात हॅम्बर्गर खाल्लेले सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला. खिम्याच्या टिक्क्या आतून पुरेशा शिजल्या नव्हत्या. त्यांत ‘ई. कोलाय ओ १५७’ हा जिवाणू होता. त्याचे विष आतड्यांना जखमी करते आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकते. हा जिवाणू प्रामुख्याने गाई-गुरांच्या आतड्यांत राहतो, पण शेळ्या-मेंढ्यांमध्येही आढळतो. त्यामुळे ‘ही तिकडची गोष्ट’ म्हणून हात झटकता येत नाहीत. खिमा आतपर्यंत किमान ७१ अंश सेल्सिअस तापला पाहिजे आणि कोंबडीचा असेल तर ७४ अंश, असे तेथील कृषी खाते सांगते.

आपल्या खिम्याच्या बाबतीत रंग आणखीच निरुपयोगी. हळद, तिखट आणि काळा मसाला पडला की पहिल्या दोन मिनिटांतच सगळा खिमा तपकिरी दिसू लागतो. आपल्याकडे स्वयंपाकघरात तापमापक नसतो, हेही खरे. मग खात्री कशी करायची? यासाठी दोन खुणा पुरतात. पहिली म्हणजे खिम्यात एकही ढेकूळ उरलेले नसावे. ढेकळाच्या बाहेर उकळी फुटलेली असली, तरी आतला भाग कोमटच राहू शकतो. दुसरी खूण म्हणजे कडेलाच नव्हे, तर भांड्याच्या मध्यभागीही रस खदखदत असावा आणि तो ढवळल्यावरही खदखदत राहावा. रसाला उकळी म्हणजे तापमान शंभर अंशांच्या जवळपास. अशा रसात पूर्ण मोकळा झालेला खिमा पंधरा-वीस मिनिटे राहिला, तर ७१ अंशांची चिंता उरत नाही. कोरड्या टिक्कीपेक्षा रसदार खिमा अधिक सुरक्षित ठरतो तो याच कारणाने. रस उष्णता प्रत्येक कणापर्यंत नेतो.

घरचा खिमा, पायरीपायरीने

चौघांसाठी अर्धा किलो बिनहाडाचे मटण पुरते. रानाचे किंवा खांद्याचे मांस घ्यावे. पांढरी चरबी दिसेल तेवढी आधीच काढावी. थोडीशी राहू द्यावी, नाहीतर खिमा कोरडा होतो. तुकडे अर्धा तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले की कडक होतात आणि नीट कापले जातात. कोमट मांस मिक्सरमध्ये टाकले तर त्याचा चिकट लगदा होतो. गार तुकडे थोडे थोडे घालून, थांबत थांबत फिरवावेत. धारदार सुरीने हाताने बारीक केलेला खिमा तर सर्वांत चांगला. त्याला वेळ लागतो, पण दाणा मोकळा राहतो. दुकानातूनच खिमा आणायचा झाल्यास तुकडा निवडून तो समोर करून घ्यावा आणि मशीन त्याआधी धुतलेले आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

खिमा नळाखाली धुऊ नये. धुतल्याने आत मिसळलेले जंतू जात नाहीत. उलट शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. तुकडे धुवायचेच असतील तर भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावेत आणि मग भांडे, ओटा व हात साबणाने स्वच्छ करावेत.

खिमा पावाबरोबर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड लागतेच, आणि चूक नेमकी इथे होते. ज्या फळीवर मटण कापले, त्याच फळीवर, त्याच सुरीने कांदा चिरला जातो. खिमा शिजतो, कांदा शिजत नाही. मटणातले जंतू या वाटेने थेट ताटात येतात. म्हणून कांदा, कोथिंबीर, लिंबू आधी चिरून झाकून ठेवावे आणि मटणाला हात त्यानंतर लावावा.

आता फोडणी. तीन मध्यम कांदे बारीक चिरून दोन-तीन चमचे तेलात मध्यम आचेवर परतावेत. कळवणच्या उन्हाळ कांद्यात पाणी कमी असते, त्यामुळे तो लवकर गुलाबी होतो. त्यात एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण घालावे. मग आच मोठी करून खिमा पसरून टाकावा आणि दोन मिनिटे हलवू नये. यामागे रसायनशास्त्र आहे. मांसातील प्रथिने आणि साखर यांची १४० अंशांच्या आसपास अभिक्रिया होते, तेव्हा खमंग वास आणि तपकिरी रंग तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान शंभरच्या वर जात नाही. त्यामुळे टोमॅटो आणि पाणी आधीच टाकले, तर खिमा नुसता उकडतो. भाजल्याची चव येत नाही. लहान भांड्यात एकदम सगळा खिमा कोंबला तरी तेच होते. भांडे रुंद असावे.

खिम्याला सुटलेले पाणी आटले की चमच्याच्या पाठीने सगळी ढेकळे फोडावीत. हळद, एक चमचा तिखट, दोन चमचे खानदेशी काळा मसाला आणि बेताचे मीठ घालावे. मसाल्यात भाजलेले सुके खोबरे असेल तर तेल आणखी घालायची गरज नसते. दोन टोमॅटो बारीक चिरून घालावेत, ते विरघळले की दीड वाटी गरम पाणी आणि मूठभर मटार. झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. बकरा जून असेल तर आणखी वेळ लागतो, कारण मांस जोडून ठेवणारे चिवट कोलाजेन हळूहळूच विरघळते. ते विरघळले की रसाला आपोआप दाटपणा येतो, वेगळे पीठ लावावे लागत नाही. कुकर वापरायचा असेल तर ढेकळे आधी फोडावीत आणि मगच झाकण लावावे. शेवटी कोथिंबीर. पाव लोण्यात बुडवण्याऐवजी तव्याला नुसता तेलाचा हात लावून भाजला तरी कुरकुरीत होतो.

उरलेला खिमा आणि पावसाळी रात्र

बऱ्याच घरांत खिमा नीट शिजतो आणि तरी दुसऱ्या दिवशी पोट बिघडते. दोष शिजवण्यात नसतो, गार होण्यात असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू बीजाणू तयार करतो. हे बीजाणू म्हणजे जणू कवच घालून झोपलेले जंतू. साध्या उकळीने ते मरत नाहीत. रस्सा किंवा खिमा मोठ्या पातेल्यात, झाकण ठेवून, ओट्यावर हळूहळू निवत राहिला की ते जागे होतात. मांसाचा कोमट, दाट, हवा नसलेला रस ही त्यांची आवडती जागा. रात्रभरात त्यांची संख्या प्रचंड वाढते. खाल्ल्यानंतर आठ ते बारा तासांत पोटात मुरडा येतो आणि जुलाब सुरू होतात. लग्नाच्या पंगतीतून किंवा मोठ्या बेतातून होणाऱ्या विषबाधांमागे अनेकदा हाच जिवाणू असतो.

शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेला खिमा रुंद, उथळ भांड्यात पसरावा. ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवले तर तो झपाट्याने निवतो. मग झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. पुन्हा खाताना नुसता कोमट करून चालत नाही. दोन चमचे पाणी घालून त्याला चांगली उकळी आणावी आणि एका वेळी लागेल तेवढाच काढून तापवावा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा फ्रीजचे दार पुन्हापुन्हा उघडू नये. दार बंद राहिले तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली आणि आतला खिमा कोमट लागला, तर तो टाकून द्यावा. वास चांगला आहे, हा पुरावा नव्हे. विषबाधा करणाऱ्या जंतूंना बहुधा वास नसतो.

रक्त वाढवणारा घास

एवढी काळजी घ्यायची तर खिमा खावाच कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर रक्ताच्या तपासणीत आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय होता. मांसातील लोह ‘हीम’ स्वरूपात असते आणि शरीर ते पालेभाजी किंवा डाळीतील लोहापेक्षा कितीतरी सहज शोषते. शिवाय मांस त्याच जेवणातील भाजी-डाळीचे लोह शोषायलाही मदत करते. म्हणून खिम्यात मटार किंवा भिजवलेली अख्खी मसूर घालणे हे केवळ काटकसरीचे नाही, फायद्याचेही आहे. पाव किलो खिमा आणि वाटीभर मसूर यांत चार माणसांचे जेवण होते. वरून पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व या कामात भर घालते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र भाजी-डाळीचे लोह अडवतो. तो तासाभराने घ्यावा.

कळवण हा आदिवासीबहुल तालुका. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यातही रक्त कमी होते, पण लोहाच्या अभावाने नव्हे, तर लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात म्हणून. अशा रुग्णांनी डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. खिम्याच्या बाबतीत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या आजारात जंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणीच कमकुवत होते आणि साल्मोनेला या जिवाणूची बाधा रक्तातून थेट हाडांपर्यंत पोहोचू शकते. इतरांना दोन दिवसांच्या जुलाबावर सोडणारा जंतू अशा मुलाला कित्येक आठवडे रुग्णालयात ठेवू शकतो. गर्भवती, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि मधुमेही यांनाही विषबाधा जास्त त्रास देते. घरात यांपैकी कोणी असेल, तर अर्धवट शिजलेला किंवा रात्रभर बाहेर राहिलेला खिमा त्यांच्या ताटात जाता कामा नये.

किती आणि कशाबरोबर?

लोह मिळते म्हणून रोज खिमा, असेही नाही. शिजवलेले लाल मांस आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस आहे. जास्त लाल मांसाचा आतड्याच्या कर्करोगाशी संबंध दिसतो, म्हणून ही मर्यादा. आठवड्यातून एकदा घरी खिमा केला तर ती ओलांडण्याचा प्रश्न येत नाही.

पावाकडेही लक्ष हवे. तो मैद्याचा, चोथा जवळजवळ नाही आणि शंभर ग्रॅममागे साधारण एक ग्रॅम मीठ त्यातच असते. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. तीन-चार पाव, खारट खिमा, वर लोणी आणि बाजूला पापड, एवढ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रक्तदाब असलेल्यांनी खिम्यात मीठ कमी घालून लिंबू जास्त पिळावे. आणि पाव मुलांना दिला, तरी मोठ्यांनी नागलीच्या किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर तोच खिमा खाऊन पाहावा. रस भाकरीत अधिक छान मुरतो आणि दोन घास कमी जातात.

थोडक्यात लक्षात ठेवा

- मटण ही बाजारातली शेवटची खरेदी असावी. घर लांब असेल तर खिमा न आणता तुकडे आणावेत.
- कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. जास्त दिवस ठेवायचा तर पातळ थर करून गोठवावा आणि ओट्यावर नव्हे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा.
- कच्चा कांदा, लिंबू, कोथिंबीर मटणाच्या आधी चिरून घ्यावी.
- खिमा रंगावरून जोखू नये. ढेकूळ नसावे आणि मध्यभागी रस खदखदत असावा.
- शिजवलेला खिमा दोन तासांत पसरट भांड्यातून फ्रीजमध्ये जावा; पुन्हा खाताना त्याला उकळी यावी.
- जुलाबात रक्त दिसले, लघवी कमी झाली किंवा ताप उतरत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. क्षारसंजीवनी सुरू करून रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.